पावणेतीन वर्षांचा नगराध्यक्ष: बर्मिंगहॅमचा गॅस, पाणी आणि एक रुंद रस्ता

चेंबरलेन म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना ब्रिटनचा पंतप्रधान नेव्हिल आठवतो, 1938 साली हिटलरशी करार करून म्युनिकहून परतलेला. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याची माहिती असलेल्यांना आणखी एक चेंबरलेन ठाऊक असतो. तो म्हणजे 1902 च्या अखेरीस तिकडे दौऱ्यावर आलेला ब्रिटनचा वसाहतमंत्री. हिंदी लोकांच्या शिष्टमंडळाची त्याने कोरडेपणाने बोळवण केली. हा जोसेफ, नेव्हिलचा बाप. 1886 मध्ये आयर्लंडच्या प्रश्नावर त्याने स्वतःचा लिबरल पक्ष फोडला आणि 1903 नंतर आयात करांच्या हट्टापायी ज्या हुजूर पक्षाच्या आश्रयाला गेला त्यातही दुफळी माजवली. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध. एवढी मोठी कारकीर्द, आणि तिच्यातला बराचसा भाग आज कुणी अभिमानाने सांगत नाही.

माझा विषय त्याच्या आधीचा आहे. नोव्हेंबर 1873 ते जून 1876 या काळात हा माणूस बर्मिंगहॅमचा नगराध्यक्ष होता. (बर्मिंगहॅमला 'सिटी'चा दर्जा 1889 मध्ये मिळाला, म्हणून महापौर म्हणायला हात धजावत नाही.) आपल्याकडे एखादा कारखानदार किंवा व्यापारी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला की हमखास ऐकू येते, "हा धंदेवाला आहे, कारभारही धंद्यासारखा करील." धंद्यासारखा म्हणजे नेमका कसा, हे तपासायला या पावणेतीन वर्षांइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

जोसेफचा जन्म 1836 चा, लंडनमधला. बापाचा जोड्यांचा धंदा. घराणे युनिटेरियन, म्हणजे सरकारमान्य चर्चच्या बाहेरचे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे अशा घरांना जवळपास बंदच असायची, त्यामुळे हुशार मुलगाही गल्ल्यावर बसायचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. 1851 च्या लंडनमधल्या प्रचंड प्रदर्शनात त्याचे आतोबा जॉन नेटलफोल्ड यांनी एक अमेरिकन यंत्र पाहिले. तोपर्यंतचे मळसूत्री खिळे बोथट टोकाचे असत, आधी भोक पाडल्याशिवाय लाकडात शिरत नसत. हे यंत्र टोकदार स्क्रू आपोआप कापून देत होते. इंग्लंडपुरत्या हक्कांची किंमत होती 30,000 पौंड. आतोबांकडे तेवढे नव्हते, मेहुण्याने, म्हणजे जोसेफच्या बापाने, 10,000 घातले. आणि एवढ्या पैशावर घरच्या माणसाची नजर हवी म्हणून 1854 साली अठरा वर्षांचा जोसेफ बर्मिंगहॅमला धाडला गेला. तो आला तो हिशेबावर लक्ष ठेवायला, आणि ती सवय त्याला जन्मभर राहिली.

आतेभावाने यंत्रे सांभाळली, याने विक्री आणि खतावण्या. वीस वर्षांत इंग्लंडमध्ये बनणाऱ्या धातूच्या स्क्रूंपैकी दोन तृतीयांश या एका पेढीचे झाले. हे कसे झाले त्याबद्दल गावात दोन मते होती. एक, यंत्र चांगले, माल चांगला, भाव कमी. दुसरे, भाव पाडून छोटे स्क्रूवाले एकेक करून गिळले. दोन्ही खरी असावीत. बाजारात दोन विक्रेते भांडत बसण्यापेक्षा एकानेच सगळे हाती घेतले तर माल स्वस्तही पडतो आणि नफाही वाढतो, हा धडा त्याने तिथे घेतला. नगराध्यक्ष झाल्यावर गॅसच्या बाबतीत त्याने तोच वापरला, फक्त तो 'एक' आता गावच होते.

त्या वेळचे बर्मिंगहॅम म्हणजे साडेतीन लाख वस्तीचे, बंदुका, बटणे, पेनच्या निबा, पितळी सामान बनवणारे धुरकट गाव. त्या शतकाच्या मध्याला पालिकेवर काटकसरवाल्यांचा पगडा होता. घरपट्टी वाढू न देणे हेच त्यांचे धोरण. जोसेफ ऑल्डे हा त्यांचा पुढारी, आणि गावाचे निर्णय 'वुडमन' नावाच्या दारूच्या गुत्त्यात आधी ठरून मग सभागृहात येत. यावर हसण्याआधी आपापल्या गावातली ती ठरावीक चहाची टपरी आठवावी.

याला उत्तर आले ते धर्मपीठावरून. जॉर्ज डॉसन नावाचा एक धर्मोपदेशक सांगत होता की गाव म्हणजे एक जिवंत, पवित्र शरीर आहे, आणि गटार बांधणे, वाचनालय उघडणे हेही देवाचेच काम आहे. आर. डब्ल्यू. डेल या दुसऱ्या धर्मोपदेशकाने तेच अधिक ठासून मांडले: पालिकेत जाऊन राबणे हे श्रीमंताचे कर्तव्य आहे. ऐकणारे होते कारखानदार, एकमेकांचे सोयरे, एकमेकांच्या पेढ्यांचे भागीदार. त्यांच्यातले कित्येक पुढे नगरसेवक झाले. चेंबरलेन 1869 मध्ये सेंट पॉल्स प्रभागातून निवडून आला.

एक गोष्ट मात्र प्रवचनातून आली नव्हती: पक्षयंत्रणा. 1867 च्या कायद्याने बर्मिंगहॅमला पार्लमेंटच्या तीन जागा मिळाल्या, पण प्रत्येक मतदाराला मते दोनच. म्हणजे अल्पमतवाल्यांना एखादी जागा मिळावी अशी सोय. गावातल्या लिबरलांनी प्रभागवार कोणी कोणत्या दोघांना मत द्यायचे हे ठरवून दिले आणि 1868 मध्ये तिन्ही जागा खिशात घातल्या. हीच शिस्त मग पालिकेच्या निवडणुकीत उतरली. 1873 च्या प्रचारात विरोधक चेंबरलेनला मक्तेदार आणि हुकूमशहा म्हणत होते. त्याच नोव्हेंबरात त्याच्या पक्षाने मैदान मारले आणि तो नगराध्यक्ष झाला. पुढची सगळी कथा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे. त्याची भाषणे चांगली असतीलच, पण सभागृहातली मते आधी बांधलेली होती.

आणि त्याने एक गोष्ट अशी केली जी आजही विरळा: 1874 मध्ये धंदा विकून टाकला. चेंबरलेन कुटुंबाच्या हिश्शाचे सुमारे सहा लाख पौंड आले, त्यातले सव्वा लाखाच्या आसपास त्याचे स्वतःचे. वय अडतीस. पालिकेच्या एखाद्या ठेक्यात याचा हात आहे का, हा प्रश्न त्याच्याबाबतीत उठायला जागाच उरली नाही.

आता गॅस. तेव्हा गॅस म्हणजे दिवाबत्ती: रस्त्यावरचे दिवे, घरातले दिवे, कारखान्यातले दिवे. गावात दोन खासगी गॅस कंपन्या होत्या. जानेवारी 1874 मध्ये, नगराध्यक्ष होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, त्याने दोन्ही विकत घेण्याचा ठराव आणला. अंदाजे किंमत 20 लाख पौंड. काटकसरीच्या वातावरणात वाढलेल्या सभागृहाला हा आकडा ऐकूनच घेरी यावी.

त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिला मुद्दा तत्त्वाचा: ज्या मक्तेदारीला राज्यसत्तेचा टेकू लागतो ती लोकांच्या प्रतिनिधींच्या हातातच असली पाहिजे. गॅसचे नळ सार्वजनिक रस्त्याखालून जातात, रस्ता गावाचा, मग नफा भागधारकांचा का? दुसरा मुद्दा शुद्ध बनियाचा. कंपनीला भागधारकांना लाभांश द्यावा लागतो. गावाला स्वतःची पत दाखवून त्याहून स्वस्त कर्ज मिळते. मधली तफावत गावाची. आणि तिसरा तर मला फारच आवडतो. तो म्हणाला, हा व्यवहार मला एकट्याला याच अटींवर द्या, मी पालिकेला वर्षाला 20,000 पौंड भरीन आणि चौदा-पंधरा वर्षांनी स्वतःही गब्बर होऊन घरी बसेन. स्क्रूच्या धंद्यात ज्याने बाजार जिंकला होता तो माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर सभागृहातल्या दुकानदारांना आणि कारखानदारांना दुसरा पुरावा नको होता. नगरसेवकांना त्याने सांगितले एवढेच: मला दिसतोय तो नफा तुम्हालाही दिसू द्या. ठराव 54 विरुद्ध 2 मतांनी संमत झाला.

1875 मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली. पहिल्याच वर्षी पालिकेच्या गॅस खात्याला 34,000 पौंडांचा नफा झाला, म्हणजे त्याने सांगितलेल्यापेक्षाही बराच जास्त. या नफ्याचे एक फळ आजही उभे आहे. कायद्याने वाचनालय-संग्रहालयासाठी पौंडामागे एक पेनीच्या वर पट्टी लावता येत नसे, त्यात कलादालन कुठून बांधणार? मग गॅस समितीने आपल्या कचेरीची इमारत बांधली आणि वरच्या मजल्यावर कलादालन केले. 1885 मध्ये ते उघडले. तिथल्या शिलालेखाचा आशय असा की उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला पुढे नेतो. कायद्याला बगल देऊन केलेले काम इतक्या मोठ्या अक्षरांत दगडावर कोरायला हिंमत लागते.

गॅसमागोमाग पाणी आले, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा इथे आहे. पाणीपुरवठाही एका खासगी कंपनीकडे होता. नळाला आठवड्यातून तीन दिवस पाणी. उरलेले दिवस विहीर नाहीतर पाण्याची गाडी. (लातूर, जालना किंवा मनमाडच्या वाचकाला यात काही समजावून सांगावे लागणार नाही.) निम्मे गाव विहिरींवर जगत होते आणि बऱ्याच विहिरींत शेजारच्या शौचकूपांचा आणि गटारांचा निचरा झिरपत होता. देवी आणि तापाच्या साथी सुरूच.

किंमत ठरली 13,50,000 पौंड. जानेवारी 1876 मध्ये पाणी पालिकेच्या ताब्यात आले. गॅसच्या वेळी ज्याने नफ्याचे गाणे गायले, तो इथे पार्लमेंटच्या समितीपुढे म्हणाला की आम्हाला यातून नफा काढायचा नाही. आमचा नफा आम्हाला गावाच्या सुखात आणि लोकांच्या आरोग्यात मिळेल. गॅसमधून गावाचे उत्पन्न वाढवायचे, पाण्यातून एक पेनीही काढायची नाही, जे उरेल ते दर कमी करण्यात घालायचे, हा नियम त्याने आखून दिला. दिवा कमी लावला तर माणूस मरत नाही. पाणी महाग झाले तर गरीब माणूस परत विहिरीकडे जातो आणि साथ सगळ्या गावात फिरते.

पालिका 'धंद्यासारखी' चालवण्याचा हा अर्थ मला त्याच्याकडून शिकण्यासारखा वाटतो. धंदेवाल्याला खरा हिशेब कळतो म्हणजे कुठल्या खात्यात नफा मागायचा आणि कुठल्या खात्यात मागायचा नाही हे कळते. पाणीपट्टीतून खर्च निघत नाही म्हणून नळयोजना खासगी कंपनीला देऊन टाका असे म्हणणाऱ्याला निम्माच हिशेब येतो. साथीत बुडालेले मजुरीचे दिवस, दवाखान्यांचा खर्च, अनाथालयातली पोरे ही सगळी रक्कम गावच कुठल्या ना कुठल्या खात्यातून भरत असते. चेंबरलेनला ती बेरीज करता आली.

याच सुमारास त्याच्या घरी काय चालले होते तेही सांगायला हवे. पहिली बायको हॅरिएट 1863 मध्ये ऑस्टिनच्या जन्मानंतर बाळंतपणात गेली होती. दुसरी, फ्लॉरेन्स, तिची चुलत बहीण, नेव्हिलची आई. फेब्रुवारी 1875 मध्ये तीही बाळंतपणातच गेली. गॅस आणि पाणी या दोन्हींचे विधेयक त्या वर्षी पार्लमेंटपुढे होते. तो देवधर्मापासून दुरावला तो कायमचा, पण पद सोडले नाही. त्याच नोव्हेंबरात तो तिसऱ्यांदा नगराध्यक्ष झाला. त्याच्या कामाचा झपाटा आणि स्वभावातला पुढचा कडवटपणा दोन्ही इथून वाढले असे त्याच्याबद्दल लिहिणारे म्हणतात. मला ते पटते, पण त्याच्या धोरणांचे स्पष्टीकरण म्हणून नाही. गॅसचा ठराव या मृत्यूच्या आधीचा आहे.

तिसरे काम म्हणजे गलिच्छ वस्तीचे निर्मूलन, आणि इथे हा हुशार हिशेबनीस घसरतो.

1875 मध्ये रिचर्ड क्रॉस या गृहमंत्र्याने कामगारांच्या घरांविषयी कायदा आणला. सरकार विरोधी पक्षाचे, तरी मसुद्याच्या वेळी त्याने चेंबरलेनचा सल्ला घेतला होता. कायद्याने पालिकांना रोगट वस्ती सक्तीने संपादन करून पाडण्याचा अधिकार दिला. बर्मिंगहॅमच्या मध्यावरच्या सेंट मेरीज प्रभागाचे वर्णन विल्यम व्हाइट या क्वेकर पंथाच्या नगरसेवकाने सभागृहात केले: ढासळत्या भिंती, ओल, अंगणात साचलेली घाण. चेंबरलेनने जवळपास पन्नास एकर जागा घ्यायची ठरवली आणि त्यातून पॅरिसच्या धर्तीचा प्रशस्त रस्ता काढायचा बेत केला. स्वतःचे 10,000 पौंड घातले. घरमालकांनी विरोध केला, पण त्याने मंत्र्यापर्यंत जाऊन मंजुरी मिळवली. 1878 मध्ये काम सुरू झाले. हाच कॉर्पोरेशन स्ट्रीट.

व्यवहार म्हणून योजना अफलातून होती. जागा विकायची नाही, दुतर्फा दुकानांना 75 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. मुदत संपली की जागा आणि वरच्या इमारती पालिकेच्या. साठ-सत्तर वर्षांनी आपले गाव देशातले सर्वांत श्रीमंत गाव असेल, असे तो सांगत असे. स्वतःच्या हयातीत न फिटणाऱ्या गुंतवणुकीची इतक्या उत्साहाने शिफारस करणारा लोकप्रतिनिधी मी तरी फारसा पाहिलेला नाही. पहिल्या पट्ट्यांच्या मुदती 1950 च्या दशकात संपल्या.

पण तिथे राहणारी माणसे? कायद्यात त्यांच्या घरांची सोय करण्याची अट होती. समितीने हिशेब मांडला आणि ठरवले की गावाच्या मध्यावर, इतक्या महागड्या जागेत पालिकेने मजुरांची घरे बांधणे परवडणार नाही. लोक पांगले. कुणी कडेच्या वस्त्यांत गेले, कुणी शेजारच्याच तितक्याच कोंदट गल्ल्यांत आणखी दाटीने राहिले. नुकसानभरपाई मिळाली ती घरमालकांना. रोगट घर भाड्याने देणाऱ्यालाच सर्वांत मोठी रक्कम मिळते, याचा चेंबरलेनला मनापासून संताप होता आणि पुढे 1883 मध्ये त्याने लेख लिहून तो व्यक्तही केला. भाडेकरूबद्दल मात्र त्याच्या योजनेत रकानाच नव्हता. आपल्याकडच्या भाषेत, सातबारावर नाव असलेला प्रकल्पग्रस्त, बाकीचे नुसतेच ग्रस्त.

या रस्त्याच्या यशाचा एक आकडा वारंवार दिला जातो. त्या भागातला मृत्युदर 1873-75 मध्ये दर हजारी 53 च्या आसपास होता, 1879-81 मध्ये तो 21 वर आला. आकडा खरा आहे. पण जिथे आधी दाटीने गरीब राहत होते तिथे आता कापडाची दुकाने आणि कचेऱ्या होत होत्या. दुकानात कुणी मरत नाही. त्या आकड्यातला किती भाग स्वच्छतेचा आणि किती भाग माणसे दुसऱ्या प्रभागाच्या नोंदवहीत गेल्याचा, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. पुनर्विकासाच्या कुठल्याही अहवालात 'पूर्वी' आणि 'नंतर'चे रकाने दिसले की मी आधी हे विचारतो की दोन्ही रकान्यांत तीच माणसे आहेत का.

पाण्याच्या खात्यात जी बेरीज त्याला दिसली ती घरांच्या खात्यात का दिसली नाही? माझा कयास असा. पाणी सगळ्या गावाचे होते. गरिबाच्या विहिरीतली साथ कारखानदाराच्या घरापर्यंत पोचत होती. घराचे तसे नाही. उठवलेला भाडेकरू नजरेआड झाला की त्याचा त्रास इतरांच्या अंगाला लागत नाही. आणि दुसरे, उठवलेल्यांपैकी सभागृहात कुणी बसलेला नव्हता. 54 विरुद्ध 2 अशा सभागृहात हिशेब तपासून पाहणारा विरोधकही फारसा नसतो. ज्या पक्षशिस्तीने गॅस आणि पाणी इतक्या झपाट्याने मिळवले तिनेच हा प्रश्न विचारणारा आवाजही बारीक केला.

जून 1876 मध्ये बर्मिंगहॅमची पार्लमेंटची एक जागा रिकामी झाली आणि तो बिनविरोध निवडून गेला. त्याच महिन्यात मित्र जेसी कॉलिंग्जला लिहिलेल्या पत्रात त्याने बागा, फरसबंदी, न्यायालय, बाजार, गॅस, पाणी, सुधारणा अशी कामांची यादीच दिली आणि म्हटले की हे सगळे तीन वर्षांच्या कामाचे फळ. यादीत घरे नाहीत. रस्ता मात्र तेव्हा कागदावरच होता, त्याचा कर्जभार पुढच्या नगराध्यक्षांनी वाहिला.

पाणी खात्याचीही एक शेपूट आहे. गाव वाढले, स्थानिक झरे आणि विहिरी पुरेनात, तेव्हा पालिकेने 1892 च्या कायद्याने वेल्समधल्या एलन खोऱ्यात धरणे बांधायला घेतली. 1904 पासून सुमारे 118 किलोमीटरवरून पाणी बर्मिंगहॅमला येऊ लागले. ही योजना चेंबरलेनची नव्हती. खोऱ्यातले शंभरेक लोक उठले, आणि भरपाई इथेही जमीनमालकांनाच मिळाली.

चेंबरलेनच्या नगराध्यक्षपदाच्या स्मरणार्थ गावाने भर चौकात दगडी कळसाचे एक कारंजे बांधले, त्याच्या हयातीतच, 1880 मध्ये. पालिकेने मजुरांसाठी बांधलेली पहिली बावीस घरे रायडर स्ट्रीटवर उभी राहिली ती 1890 मध्ये.